धौम्यांचा उपदेश: वडील सहकाऱ्यांशी बोलण्याच्या रीतीचे एक परीक्षण

पाऊस लांबला म्हणजे देवळात विराटपर्व लावावे, ही चाल दक्षिणेकडे पुष्कळ ठिकाणी आहे. या पर्वात कीचकाचा वध आहे, गोग्रहण आहे, बृहन्नडेच्या सारथ्याची मौज आहे. त्यामुळे श्रोते रंगून जातात यात नवल नाही. परंतु या सर्व रंगतीच्या आधी एक लहानसा अध्याय येतो आणि तो बहुधा कोणाच्या लक्षात राहत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत तो या पर्वाचा चौथा अध्याय आहे. जन्मभर ज्यांनी हुकूम केले ते पांडव आता विराटाच्या पदरी चाकरीस निघाले आहेत. निघण्यापूर्वी त्यांचे पुरोहित धौम्य त्यांना राजाच्या घरी कसे वागावे, कोठे बसावे आणि काय बोलावे, हे समजावून सांगतात. थोडक्यात, नोकरी कशी करावी याचा आपल्या वाङ्मयातील हा एक जुना पाठ होय. त्याचे परीक्षण करावे असे आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत होते.

याचे कारण उघड आहे. आज आपल्यापैकी बहुतेक घरांतून कोणी ना कोणी सकाळी कचेरीत, बँकेत, शाळेत, इस्पितळात किंवा कारखान्यात जातो. तेथे त्याच्यावर वयाने अगर हुद्द्याने वडील अशी माणसे असतात. त्यांच्याशी अदबीने बोलावे हे त्याला घरी शिकविलेले असते. परंतु वडिलांची चूक दिसली असता अदबीने काय करावे, हे मात्र कोणी शिकविलेले नसते. मग कोणी मान खाली घालून गप्प बसतो आणि कोणी एके दिवशी उसळून वाटेल ते बोलतो. गप्प बसणाऱ्यास आपण शहाणा म्हणतो व उसळणाऱ्यास बाणेदार म्हणतो. आमच्या मते या दोन्ही पदव्या पुष्कळदा अस्थानी दिल्या जातात.

प्रथम धौम्य काय सांगतात ते पाहू. परवानगीवाचून आत जाऊ नये. ज्या आसनावर दुसऱ्या कोणाचा डोळा आहे त्यावर बसू नये. राजाच्या समोर अगर पाठीशी न बसता उजव्या किंवा डाव्या बाजूस बसावे. आपण शूर आहोत, बुद्धिमान आहोत, अशी प्रौढी मिरवू नये. हसण्यासारखे काही घडले तरी वेड्यासारखे हसू नये, आणि अगदी दगडासारखेही बसू नये. राजासारखा पोशाख करू नये. अधिकारावर असता लाच घेऊ नये. त्याच्याशी अग्नीशी वागावे तसे जपून वागावे. न विचारता त्याला उपदेश करू नये.

ही यादी वाचून आजच्या वाचकाचे पहिले मत प्रतिकूल होते, आणि ते अकारण नाही. तीत भय फार आहे. राजा हा जणू केव्हा भडकेल याचा नेम नसलेला जाळ आणि चाकराने आपले अंग वाचवावे एवढेच त्याचे कर्तव्य, असा तिचा सूर लागतो. परंतु आम्ही वकिलीचा धंदा करणारे लोक. कोणतेही कलम वाचताना ते कोणत्या प्रकरणात आले आहे हे पाहण्याची आम्हांस खोड असते. हे प्रकरण अज्ञातवासाचे आहे. ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षे वनवास, अशी अट ज्यांच्या डोक्यावर टांगली आहे अशा सहा माणसांना, एका वर्षापुरता दिलेला हा सल्ला आहे. तो जन्मभराच्या नोकरीस जसाच्या तसा लावणे म्हणजे तात्पुरता अध्यादेश कायमचा कायदा म्हणून चालविण्यासारखे आहे. तरीही हे घडते खरे. तीस तीस वर्षे नोकरी करून सन्मानाने निवृत्त झालेली कित्येक माणसे आम्ही अशी पाहिली आहेत की त्यांचे खरे मत काय होते हे त्यांच्या शेजारच्या टेबलावरील माणसालाही कधी कळले नाही. पांडवांचा अज्ञातवास एका वर्षाने संपला. यांचा संपलाच नाही.

आता या अध्यायातील दोन वचने जोडून वाचण्यासारखी आहेत. एका ठिकाणी धौम्य म्हणतात की जे अप्रिय आणि अहित असेल ते राजाला सांगू नये. दुसऱ्या ठिकाणी म्हणतात की हित व प्रिय दोन्ही सांगावे, पण प्रियापेक्षाही हित सांगावे. पहिल्या वचनातील निषेधाला दोन अटी आहेत व त्या 'आणि'ने जोडलेल्या आहेत. बोलणे अप्रियही असले पाहिजे आणि अहितकारकही असले पाहिजे, तरच ते निषिद्ध. जे अप्रिय आहे पण हिताचे आहे ते या निषेधात येतच नाही. उलट दुसऱ्या वचनाने ते सांगण्याची आज्ञाच होते. मग न विचारता उपदेश करू नये, याची वाट काय? मूळात जे क्रियापद आहे त्यात शिष्याला शिकविण्याचा, शासन करण्याचा भाव आहे. वडिलांना शिकवू नये, एवढाच त्याचा अर्थ. पण हिशेबात आकडा चुकला आहे, औषधाची मात्रा जास्त झाली आहे, दाव्याची मुदत उद्या संपते आहे, हे दाखवून देणे म्हणजे शिकविणे नव्हे. ती वस्तुस्थिती पुढे ठेवणे होय. धौम्यांच्या उपदेशाचा असा अन्वय लावला म्हणजे त्यातील भयाचा भाग मागे पडतो, आणि अदबीची जागा नेमकी कोठे आहे हे दिसू लागते. बसावे कोठे, हसावे किती, आवाज कसा असावा, यांत अदब आहे. हित सांगावे की न सांगावे, या प्रश्नात तिला जागा नाही.

हा अन्वय खरा की ओढाताणीचा, याची कसोटी त्याच पर्वातील कथेवर लावता येते. भर सभेत कीचक सैरंध्रीला लाथ मारतो. ती राजाला जाब विचारते. विराट म्हणतो, तुमचे भांडण माझ्या दृष्टीआड झाले. खरी हकीकत कळल्यावाचून मी न्याय कसा करू? त्या सभेत कंक या नावाने युधिष्ठिर बसला आहे. तो राजाला एक शब्द बोलत नाही. सैरंध्रीलाच आत जाण्यास सांगतो, आणि नटीसारखी रडून खेळात विघ्न आणू नकोस म्हणून दटावतो. तो प्रतिज्ञेने बांधलेला होता हे आम्ही विसरत नाही. पण पुढे हाच कंक काय करतो ते पाहावे. उत्तराच्या विजयाची वार्ता येते. आनंदलेला विराट फासे मांडतो आणि माझ्या मुलाने कौरवांना जिंकले असे म्हणतो. कंक म्हणतो, ज्याचा सारथी बृहन्नडा तो जिंकणारच. विराट रागावतो, काय बोलावे नि काय बोलू नये हे तुला कळत नाही असे म्हणतो, आणि जिवाची इच्छा असेल तर पुन्हा असे बोलू नकोस असे बजावतो. कंक पुन्हा तेच बोलतो. विराट हातातला फासा त्याच्या तोंडावर फेकतो आणि त्याच्या नाकातून रक्त येते.

कंकाचे बोलणे अक्षरशः खरे होते. पण त्या घटकेला ते कोणाच्या हिताचे होते? सत्य थोड्याच वेळाने उत्तराच्या तोंडून बाहेर पडणारच होते, आणि पडलेही. म्हणजे जेथे बोलण्याने एका अनाथ स्त्रीचा मान राखला गेला असता तेथे तो गप्प राहिला, आणि जेथे गप्प राहण्याने काही बिघडत नव्हते तेथे त्याने एकच गोष्ट दोनदा सुनावली. कवीने येथे टीका केलेली नाही. दोन प्रसंग मांडून तो बाजूला झाला आहे. धर्मराजासारख्याला ज्या विवेकाची जागा सापडली नाही तो विवेक नियमांच्या यादीने येत नाही, एवढे मात्र वाचकास कळून चुकते.

मग या विवेकाचे उदाहरण महाभारतात नाहीच काय? आहे, आणि ते फार उपेक्षित आहे. सभापर्वात द्रौपदी आपला प्रश्न विचारते. भीष्म धर्माची गती सूक्ष्म आहे असे सांगून मोकळे होतात. द्रोण व कृप बोलत नाहीत. अशा वेळी दुर्योधनाचाच एक धाकटा भाऊ विकर्ण उठतो. तो आधी काय करतो? आधी तो वडिलांनाच विनवितो. भीष्मांची, धृतराष्ट्राची, विदुराची, आचार्यांची नावे घेऊन, आपण या प्रश्नाचे उत्तर द्या असे म्हणतो. जमलेल्या राजांनाही पुनःपुन्हा तेच सांगतो. कोणीच बोलत नाही असे पाहिल्यावर तो आपले मत मांडतो, आणि तेही एखाद्या निकालपत्रासारखे मुद्देसूद. व्यसनात बुडालेल्या माणसाचे कृत्य ग्राह्य धरू नये. द्रौपदी पाचांची पत्नी आहे, एकट्याची नव्हे. युधिष्ठिर स्वतःला आधीच हरला होता. तिला पणाला लावण्याची सूचना शकुनीची होती. म्हणून ती जिंकली गेली नाही. या भाषणात कोणा वडिलांची निंदा नाही, स्वतःची फुशारकी नाही. सभेत त्याची वाहवा होते; पण कर्ण उठून म्हणतो की पोर असून म्हाताऱ्यासारखे बोलतोस, धर्म तुला काय कळतो! त्याच्या चार मुद्द्यांना वय हे काही उत्तर नव्हे. परंतु आजही कित्येक बैठकींतून हाच जबाब दिला जातो व तो पुरेसा समजला जातो.

विकर्णाने त्या दिवशी काही साधले नाही. पुढे युद्धात तो आपल्या भावांच्याच बाजूने लढला व पडला. म्हणून त्याला कोणी फितूर म्हणू शकत नाही. आपल्या माणसांत राहून, त्यांची मर्यादा राखून, त्यांना ते चुकत आहेत हे सांगणारा असा हा पुरुष आहे. आमच्या रंगभूमीने मात्र आम्हांला दुसऱ्याच चित्राची सवय लावली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' १९०९ साली आले. प्रभात कंपनीने १९४४ साली 'रामशास्त्री' हा बोलपट काढला. नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री महाराष्ट्राच्या मनात कायमचे ठसले, आणि ते योग्यच झाले. तथापि त्या चित्राचा एक अनिष्ट परिणामही झाला असे आम्हांस वाटते. वरिष्ठांना सत्य सांगणे म्हणजे गर्जना करणे आणि पद झुगारून निघून जाणे, असा समज रूढ झाला. रामशास्त्र्यांपुढे खून होता. आपल्यापुढे बहुधा एक चुकीची नोंद असते. ज्याच्या पगारावर घर चालते तो कारकून गर्जना करू शकत नाही, म्हणून तो कुजबुजही करीनासा होतो. त्याला रामशास्त्र्यांपेक्षा विकर्णाचा उपयोग अधिक आहे.

अदबीच्या बाह्य रूपाविषयी येथे थोडे लिहिणे अवश्य आहे. पुष्कळ कोंकणी घरांतून वडील माणसांनाही 'तूं' म्हणतात आणि घाटावरच्या पाहुण्यास ते खटकते. मराठीत वडिलांना 'तुम्ही' म्हणतात, पण आईला 'तू'च म्हणतात. म्हणून आईचा मान कमी झाला असे कोणी समजत नाही. उलट 'आपण फारच विद्वान' या वाक्यातील 'आपण' किती बोचरा असू शकतो हे सांगावयास नको. आमच्या न्यायालयांतही हेच आहे. न्यायाधीशांस कसे संबोधावे याबद्दल भारतीय विधिज्ञ परिषदेने २००६ साली नियम केला. वरिष्ठ न्यायालयांत 'युअर ऑनर' किंवा 'ऑनरेबल कोर्ट', खालच्या न्यायालयांत 'सर' अथवा स्थानिक भाषेतील तशा अर्थाचा शब्द वापरावा, असे ठरले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानेही 'माय लॉर्ड' म्हणणे सक्तीचे नाही, संबोधन आदराचे असावे म्हणजे झाले, असे स्पष्ट केले. जुना शब्द अजून ऐकू येतो तो सवयीने. पण खरी अदब पाहावयाची असेल तर ती दुसरीकडे पाहावी. ज्येष्ठ वकील युक्तिवाद करीत असता चुकीचा दाखला देऊ लागले, तर त्यांच्या मागे बसलेला कनिष्ठ मध्येच ओरडत नाही. तो योग्य पान उघडून, ओळीवर बोट ठेवून, ग्रंथ हळूच पुढे सरकवितो किंवा दोन शब्दांची चिठ्ठी देतो. ज्येष्ठांचा मान राहतो आणि अशिलाचा दावाही. अदबीचा हा प्रकार आम्हांस सर्व संबोधनांहून श्रेष्ठ वाटतो.

न्यायाधीशही आपसांत एकमेकांचे सहकारीच असतात. २८ एप्रिल १९७६ रोजी आणीबाणीतील अटकेच्या खटल्यात, जो जबलपूर खटला या नावाने ओळखला जातो, पाच न्यायमूर्तींपैकी सरन्यायाधीशांसह चौघे एका बाजूस होते. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे दुसऱ्या बाजूस राहिले. त्यांनी आपले वेगळे मत कारणांसह लिहून ठेवले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्यास देण्यात आले, आणि त्यांनी राजीनामा दिला. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढील खासगीपणाच्या खटल्यात तो बहुमताचा निकाल चुकीचा ठरविला गेला. मुद्देसूद लिहिलेले भिन्नमत एकेचाळीस वर्षे थांबू शकते, हे यावरून दिसते.

पण सर्वच धंद्यांत थांबण्यास इतका अवकाश नसतो. न्यायालयात चूक झाली तर अपील आहे. आकाशात अपील नाही. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळुरास उतरताना धावपट्टीच्या पलीकडे दरीत कोसळले. विमानातील १६६ जणांपैकी १५८ दगावले. तो प्रांत आपल्या कोंकणी बांधवांचा. तेथील कित्येक घरांत ती तारीख विसरली जाणार नाही. चौकशी न्यायालयाच्या अहवालात नमूद आहे की दुय्यम वैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर घेण्याविषयी तीनदा सांगितले, यंत्रांनीही इशारे दिले, तरी मुख्य वैमानिकाने उतरणे चालूच ठेवले. अहवालात आणखी एक गोष्ट आहे व ती कायद्याच्या माणसास अस्वस्थ करणारी आहे. दुय्यम वैमानिकाने असे उतरणे स्वतः थांबवावे की नाही याविषयीच्या सूचना संदिग्ध होत्या; बहुधा त्यामुळेच तो सांगत राहिला, पण विमानाचा ताबा त्याने घेतला नाही. म्हणजे तो गप्प बसला नव्हता. तो बोलला, स्पष्ट बोलला, तीनदा बोलला. उणीव होती ती ऐकणाऱ्यात, आणि बोललेल्या शब्दाला किती वजन द्यावे हे न ठरविणाऱ्या नियमांत. पुढे वैमानिकांच्या शिक्षणाचा विचार करताना कनिष्ठाने बोलावे कसे, याच्या जोडीला वरिष्ठाने ऐकावे कसे, हाही धडा का असतो, ते यावरून समजते.

धौम्यांच्या उपदेशातील खरी उणीव आम्हांस येथे दिसते. तो संपूर्ण उपदेश चाकरांना आहे. राजाला एक ओळही नाही. अप्रिय पण पथ्यकर सांगणारा दुर्मिळ, तसाच ऐकणाराही दुर्मिळ, ही गोष्ट आपल्या आर्ष ग्रंथांत विदुराच्या व मारीचाच्या मुखाने आली आहे. पण नोकरीची नीती शिकविताना आपण तिचा पहिला अर्धाच तेवढा घोकतो. विराटाला स्वतःची चूक कळली ती मुलाने सांगितल्यावर. उत्तर म्हणाला, आपण अयोग्य केले, यांची क्षमा मागा. आणि भर सभेत राजाने आपल्या चाकराची क्षमा मागितली. विराटाच्या साऱ्या चरित्रात यापरते मोठे कृत्य नाही, असे आमचे मत आहे. त्याच्या मुलाला तसे बोलता आले, याचेही काही श्रेय बापाकडे जाते.

आता हे सर्व आपल्या नित्याच्या व्यवहारात आणून पाहावे. एखाद्या देवस्थानच्या कमिटीत वार्षिक हिशेब वाचला जात आहे. नव्याने निवडलेल्या खजिनदारास देवाच्या दागिन्यांच्या यादीत व मागील यादीत फरक दिसतो. अध्यक्ष त्याच्या वडिलांच्या वयाचे आहेत, निःस्पृह आहेत, फक्त कागद बघण्यात शिथिल झाले आहेत. त्याने गप्प बसून सही केली तर तो फरक त्याच्या सहीने पक्का झाला. त्याने सभेत आरोप केला तर एका सज्जनाची अप्रतिष्ठा झाली आणि दोन पक्ष पडले. विकर्णाची रीत याहून वेगळी आहे. सभेपूर्वी त्याने दोन्ही याद्या घेऊन अध्यक्षांकडे जावे व हा फरक कसा समजावयाचा, असे त्यांनाच विचारावे. उत्तर मिळाले तर प्रश्न सुटला. न मिळाले तर सभेत माणसाविषयी न बोलता वस्तूविषयी बोलावे, मुद्दे मोजके ठेवावे, आणि तेवढ्यानेही न भागले तर आपले मत इतिवृत्तात लिहून घ्यावे व सही रोखावी. काम तातडीचे आणि धोका जिवाचा असेल तेथे मात्र विनवणीचे पांघरूण काढून टाकावे. तेथे स्पष्ट शब्द हीच अदब.

आणि अध्यक्षांनी? त्यांनी कर्णासारखे वय काढू नये, विराटासारखा फासा उगारू नये. समोर याद्या घेऊन आलेला तरुण आपला मान कमी करावयास आलेला नाही, आपल्या नावावर डाग पडू नये म्हणून आला आहे, हे ज्याला पहिल्या वाक्यात ओळखता येते, तो वडील म्हणवून घेण्यास पात्र आहे. असे वडील ज्या कचेरीत, ज्या न्यायालयात आणि ज्या देवळाच्या चौकात आहेत तेथे धाकट्यांना बोलण्याची रीत निराळी शिकवावी लागत नाही.